चादरीतून आलेले हात

“तोंड नको, हात दाखवा,” असं ती म्हणायची. पुढं आलेला हात कोपराखाली धरायची, उजेडाकडं वळवायची आणि डोळे मिटून एका बोटानं नस चाचपायची. दुसऱ्या हातात सुई तयार असायची. सुईवाली बाई डोळे मिटून बसलीय, हे पहिल्यांदा बघणारीचा जीव अर्धा व्हायचा. माझाही झाला होता.

“अगं, डोळं उघड की,” मी म्हणाले. “सुई तुझी हाय, हात माझा हाय.”

“नस डोळ्यांना दिसत नाही मावशी, बोटाला दिसते.”

एवढं म्हणून तिनं डोळे उघडले आणि मी दुसरं काही बोलायच्या आत रक्त नळीत आलं. दुखलं नाही. मला उगाच कौतुक करायची सवय नाही, म्हणून सांगते, दुखलं नाही.

ती सरकारी दवाखान्यात रक्त तपासणारी बाई. मी सोलापुरात ज्या गल्लीत राहते तिचं नाव इथं लिहीत नाही, सोलापूरच्या माणसांना न लिहिता कळेल. त्या गल्लीत मी वीस वर्षं धंदा केला. ते लपवायचं माझं वय गेलं. पुढं गुडघे गेले, धंदा सोडला आणि पुढच्या खोलीत चहाचं दुकान टाकलं. मागची खोली रिकामी होती. दर तीन महिन्यांनी एक दिवस ती त्या खोलीत येऊन बसायची आणि बायकांचं रक्त घ्यायची. एड्सचं बघायची आणि काविळीचं बघायची. कावीळ म्हणजे डोळे पिवळे होऊन पंधरा दिवसांत जाते ती नव्हे. बी आणि सी अशा दोन काविळी असतात, त्या रक्तातून जातात. बीची तर अंगसंगातून सहज जाते. हे मला तिनंच शिकवलं. मी चौथीपर्यंत शाळा शिकलेली, एवढं कळायला मला दोन खेपा लागल्या.

पहिल्या खेपेला फक्त चार बायका आल्या, त्याही गल्लीतल्या. खरी भीती ज्यांना होती त्या आल्याच नाहीत. त्या बाहेरून यायच्या. कुणी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवणारी, कुणी विड्या वळणारी, कुणाला घरी नवरा, सासू, शाळेत जाणारी पोरं. हप्त्यातून एक-दोन दिवस इथं यायचं आणि दिवे लागायच्या आत घरी जाऊन भाकरी थापायच्या. अशी बाई सरकारी माणसाला तोंड कशाला दाखवेल?

तिनं हे ऐकलं आणि मला विचारलं, “मावशी, जुन्या चादरी आहेत का दोन?”

माझ्याकडं कारखान्यातल्या डागी मालातल्या दोन होत्या, मोराच्या. तिनं खोलीत दोरी बांधून त्या शेजारी शेजारी टांगल्या, मध्ये वीतभर फट ठेवली. अलीकडं ती बसली, खिडकीच्या बाजूला. पलीकडं मी आणि बायका, मागच्या दारानं आलेल्या. माझ्याकडं चिठ्ठ्या, त्यावर नंबर. नाव नाही. वय तेवढं मी वहीत नंबरापुढं लिहायची आणि शेवटी वही तिच्याकडं द्यायची. ती नंबर पुकारायची आणि दोन मोरांच्या मधून एक हात बाहेर यायचा. तिच्याकडं यायचा तो फक्त हात. त्या दिवशी एकवीस हात आले.

घरी ती कानडी बोलायची. नस सापडेना झाली की तोंडातल्या तोंडात “बा, बा” म्हणायची. कानडीत बा म्हणजे ये. चादरीपलीकडून बायका हसायच्या. माढ्याची तर मोठ्यानं म्हणायची, “सुईबाई, नस हाय ती, वासरू न्हाय.”

“वासरू लवकर येतं,” ती म्हणायची. “तुमची लपून बसते.”

“घाबरलीया ती. आमच्यात एवढी एकच लाजरी.”

आमच्यात सगळ्यांची अशीच गावावरून ओळख. माढ्याची, अक्कलकोटची, जेऊरची. खरी नावं मलाही सगळ्यांची ठाऊक नाहीत. तिला तर तीही ठाऊक नव्हती, ती हात ओळखायची. गोंदणाचा हात, भाजलेला हात, दोन नसांचा हात. तीन महिन्यांनी हात बाहेर आला की म्हणायची, “तुम्हाला मागच्या वेळी चक्कर आली होती. आज आडवं व्हा आधी.” आणि ते बरोबर असायचं.

एकदा अक्कलकोटची नवऱ्याबरोबर भाजी मंडईत गेली होती. शेजारी बघते तर सुईबाई वांगी निवडतेय. ही जागच्या जागी थिजली. मी बायकांना रांगेत बसवायची तेव्हा पलीकडची बाई कशी दिसते हे चादरीच्या फटीतून सगळ्यांनी बघून घेतलं होतं. सुईबाईनं हिच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, “ताई, जरा सरकता का?” ओळखीचं काही नाही. हिचा श्वास परत आला. मग हिनंही वांग्याला हात घातला. बांगड्या मागं सरकल्या, कोपर उघडं पडलं. सुईबाईची नजर तिथं गेली. एक घडी तिथंच राहिली. मग निवडलेली वांगी तशीच टाकून ती पलीकडच्या गाड्यावर निघून गेली.

“वांगी घेतली न्हाईत की वो तिनं,” अक्कलकोटची मला सांगत होती. “माझ्यापायी.”

मी तिला त्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, “किडकी होती.”

आणखी एक गोष्ट सांगते, म्हणजे ती कशी होती ते तुम्हाला कळेल. एकदा चादरीपलीकडच्या हातानं ऐन वेळी हिसका दिला आणि वापरलेली सुई तिच्याच अंगठ्यात गेली. ती उठली, मोरीत गेली, नळाखाली साबणानं अंगठा धूत राहिली. परत येऊन म्हणाली, “आजचं इथंच थांबवू. मला दवाखान्यात जायला लागेल. चूक माझी आहे, हात घट्ट धरला नव्हता.” त्यानंतर महिनाभर तिला एड्स होऊ नये म्हणून गोळ्या घ्याव्या लागल्या. गोळ्यांनी उलट्या व्हायच्या. ठरल्या दिवशी ती आली, तोंड उतरलेलं, पिशवीत लिंबू. काही निघालं नाही, देवाची कृपा म्हणा किंवा गोळ्यांची. तो हात कुणाचा होता हे मला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक होतं. त्या हाताला तिनं पुढच्या खेपेला नेहमीसारखंच धरलं. पलीकडं ती बाई रडत होती. तिला रडताना मीच गप्प केलं, नाहीतर पुन्हा हिसका दिला असता.

आता जेऊरचीचं सांगते. तिला विचारून लिहितेय, तिनं व्हय म्हटलंय.

ती टॉवेल शिवायला एमआयडीसीत जायची आणि दोन दिवस आमच्याकडं यायची. कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं. पोटुशी राहिली. कुणाचं ते मी विचारलं नाही. तिला पोर ठेवायचं होतं एवढं तिनं सांगितलं आणि तेवढं पुरे होतं. चौथा महिना असताना रक्ताचा दिवस आला. मी तिला बोलावून आणलं, सात नंबरची चिठ्ठी दिली, वहीत लिहिलं, सात, वय सव्वीस.

तिच्या आधीची उठली तशी हिनं माझा पदर धरला.

“अक्का, मला नगं.”

“सुईला भेतीस?”

“सुईला न्हाय. वाईट निगालं तर मी पोर कसं ठिवू?”

पलीकडून आवाज आला, “सात नंबर. हात दाखवा.”

ही तोंडात पदर कोंबून रडत होती, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पुन्हा आवाज आला, “सात नंबर.”

मी माझा हात घातला फटीतून. उजवा घातला असता तर तिनं ओळखला असता, त्यावर चहानं भाजल्याचा डाग आहे आणि दर वेळी ती तोच घ्यायची. म्हणून डावा घातला, बांगड्या काढून. तिनं धरला, उजेडाकडं वळवला. तिचं बोट नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरलं. “डावा,” एवढंच म्हणाली आणि रक्त घेतलं.

सात नंबर स्वच्छ निघाला. निघणारच होता. नंबर लिहिलेलं निकालाचं कार्ड मी जेऊरचीच्या हातात दिलं, ती माझ्या पाया पडली आणि मी पडू दिलं. मला त्या दिवशी वाटलं मी एका पोरीवर उपकार केला. हे मी लपवत नाही.

आठव्या महिन्यात तिचे पाय सुजले म्हणून मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. खोलीत टेबलामागं सुईबाई बसलेली. जेऊरचीनं कार्ड पुढं केलं. “माजी झालीया की तपासणी.”

“आता परत करायचीच असते. हात दाखवा.”

तिनं हात धरला, वळवला, डोळे मिटले. बोट फिरवलं. मग नस सापडलेली असताना तिनं डोळे उघडले आणि सुई खाली ठेवली.

“हा हात मी कधी धरलेला नाही,” ती म्हणाली.

“गर्दीत कुटं ध्यानात ऱ्हातंय,” मी म्हणाले.

“हात राहतो.” तिनं कार्ड उचलून नंबर बघितला. “सात नंबरचा हात सव्वीस वर्षांचा नव्हता. वही बघितली तेव्हाच मला खटकलं होतं. म्हटलं, चिठ्ठ्या इकडच्या तिकडं झाल्या असतील.” मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “मावशी, डावा हात बघू.”

मी हात टेबलावर ठेवला. तिनं कोपराच्या आत बोट टेकवलं, डोळे मिटायचीही गरज पडली नाही. बोट उचललं.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. शिव्यांना मला उत्तर देता येतं. ती म्हणाली, “तुमचं रक्त मला पाठ आहे मावशी. मला हिचं बघायचं होतं.” मग म्हणाली, “मी विचारलं नाही तेव्हा. माझीही चूक आहे.”

जेऊरचीचं रक्त घेतलं. दोन दिवसांनी बोलावलं तेव्हा तिनं मला बाहेर बसवलं आणि दार लावलं. दवाखान्यात तिचा नियमच होता तो. मग आतून जेऊरचीनंच मला हाक मारली. बघते तर ती हसत होती.

“अक्का, ते मोठं न्हाय निगालं. कावीळच हाय नुसती. बीची.”

मलाही हायसं वाटलं. आमच्यात भ्यायचं ते एका रोगाला. कावीळ झाली की माळ घालणाऱ्याकडं जायचं, तेलकट बंद करायचं, झालं.

“डोळं बी पिवळं न्हाईत माजं,” जेऊरची म्हणाली.

“ही डोळ्यांत दिसत नाही,” सुईबाई म्हणाली. “वर्षानुवर्षं गप्प बसते आणि आतून लिव्हर खराब करते. तुझं डॉक्टर बघतील, गोळ्या देतील, तुझं सांभाळता येतं. पण जन्मताना ही बाळाला मिळाली तर बहुतेक वेळा जन्मभर त्याच्याजवळ राहते.”

जेऊरचीचं हसू गेलं.

“थांब, पुढचं ऐक. बाळ जन्मलं की पहिल्या दिवसात त्याला दोन सुया द्यायच्या. जितक्या लवकर तितकं चांगलं. एक लस असते, ती सगळीकडं मिळते. दुसरी वेगळी असते, ती मागवून ठेवावी लागते. दोन्ही वेळेवर मिळाल्या की बाळ बहुतेक वाचतं. म्हणून बाळंतपण इथंच. दुसरीकडं कुठंही नाही. कळलं?”

“व्हय,” जेऊरची म्हणाली.

तिनं दुसरी सुई मागवून ठेवली. डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घेतली. गोळ्या सुरू झाल्या. सगळं नीट चाललं होतं आणि एक दिवस दवाखान्याच्या बाकावर जेऊरचीला कारखान्यातली एक बाई भेटली. “तू हितं कशाला गं? रक्त कशाला द्यायलीस?” एवढंच विचारलं तिनं, साधंच. दुसऱ्या दिवशी जेऊरचीच्या खोलीला कुलूप. फोन बंद.

सुईबाई ड्युटी संपली की रोज माझ्या दुकानावर यायला लागली. उभ्यानंच चहा प्यायची.

“आली का?”

“न्हाय.”

“गावी कोण आहे तिचं?”

“जेऊरला आत्या हाय म्हनं. नाव न्हाय ठाऊक.”

मी म्हणाले, तिथल्या सरकारी दवाखान्यात फोन करून सांग की, अशी अशी बाई आली तर धरून ठेवा. ती म्हणाली, “नाव न घेता कशी सांगू? आणि नाव घेऊन सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल. मग ती तिथूनही पळेल.” चहाचा पेला ठेवून ती निघून जायची. असं बारा दिवस चाललं. त्या बारा दिवसांत ती मला एकदाही काही टाकून बोलली नाही. मी मात्र स्वतःवर चिडलेली होते आणि राग गिऱ्हाइकांवर काढत होते. चौथ्या महिन्यात हिचं कळलं असतं तर हिला समजवायला आमच्याकडं चार महिने होते. मी ते चार महिने फटीतून एक हात घालून घालवले होते.

तेराव्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. म्हातारा आवाज होता.

“तुमी सोलापूरच्या अक्का व्हय? मी जेऊरवरनं बोलतीया, आत्या. पोरीला कळा सुरू झाल्यात, हितल्या दवाखान्यात नेलंय. तुमाला सांगा म्हनती, सुईबाईला सांगा म्हनती. ही सुईबाई कोन वो?”

सुईबाईची त्या दिवशी सुट्टी होती, तरी मी तिला फोन लावला. मी स्टेशनवर पोचले तेव्हा ती आधीच उभी होती. अंगात घरातली साडी, केसांना तेल लावलेलं, हातात बर्फाचा निळा डबा. त्यात ती मागवून ठेवलेली दुसरी सुई. तिच्या कामात सुई नेऊन पोचवणं बसत नव्हतं. डॉक्टरांना घरी जाऊन उठवून सही आणली होती.

गाडीत तिनं डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. कुर्डुवाडीला गाडी थांबली ती हलेना. मी दर दोन मिनिटांनी किती वाजले विचारत होते. ती घड्याळ बघत नव्हती, डब्याच्या बाहेरून हात लावून गारवा बघत होती. समोरचा एक म्हातारा धनगर कधीपासून डब्याकडं बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, “बाई, आईस्क्रीम हाय का?”

“होतं बाबा. संपलं,” ती म्हणाली.

“मग मांडीवर कशाला घेतलंय वो, गार लागंल की.”

ती हसली. त्या दिवशी तेवढंच. गाडी हलली तेव्हा खिडकीबाहेर बघत मला म्हणाली, “मावशी, तुम्ही हात का दिलात?”

“रडायली हुती ती.”

“मग माझ्यासमोर रडू द्यायचं होतं.”

मी पदरानं डब्यावर आलेलं पाणी पुसलं.

जेऊरच्या दवाखान्यात पोचायला दोन वाजून गेले. पोरगी अकराला झाली होती. लस तिथं होती, ती तिथल्या सिस्टरनं टोचली होती. जेऊरचीनं स्वतः तोंड उघडून सांगितलं होतं, मला बीची कावीळ आहे, पोरीला सुई द्या. नऊ महिने जी चादरीमागं लपली ती तिथं उजेडात, आत्यासमोर बोलली होती. आत्यानं तिचं ऐकून एकच केलं, कुठून तरी काविळीची माळ आणून तिच्या गळ्यात घातली.

सिस्टरनं आम्हाला विचारलं, “तुम्ही कोण?”

“मी सोलापूरच्या दवाखान्यात रक्त घेते.”

“मग रक्त घ्यायचंय का?”

“नाही. आज काही घ्यायचं नाही,” ती म्हणाली आणि डबा पुढं केला.

तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, सोलापूरला फोन लावला, सुईची बाटली उजेडात धरून बघितली. पोरीच्या दुसऱ्या मांडीत सुई गेली. पोरगी असं ओरडली की बाहेरचं कुत्रं उठून बसलं. सुईबाई भिंतीला टेकून उभी होती.

आत्याला आमची भीती वाटत होती. ती माळ पदरानं झाकायला लागली. “काडू का बाई? तुमच्यात चालत न्हाय न्हवं?”

“राहू द्या की,” सुईबाई म्हणाली. “माळ पण राहू द्या, गोळ्या पण राहू द्या. आणि पुढच्या लसीच्या तारखा मी लिहून देते, त्या चुकवायच्या नाहीत. माळेनं काही बिघडत नाही, तारीख चुकली की बिघडतं.”

निघताना तिनं पोरीचा हात बघितला. कपड्यातून बाहेर आलेला, करंगळीएवढा. कोपराच्या आत तिनं बोटाचं टोक ठेवलं आणि डोळे मिटले. “बा, बा,” म्हणाली. रक्त घ्यायचं नव्हतं, तरी म्हणाली. जेऊरची म्हणाली, “सुईबाई, तोंड बगा की तिचं. माझ्यावर गेलीया का?”

“तोंड नको,” ती म्हणाली. पण बघितलं. बराच वेळ बघितलं.

त्यानंतर आमच्या खोलीत एक गोष्ट बदलली. चादरी तशाच राहिल्या. पण हात बाहेर आला की ती म्हणायची, “नंबर तुम्ही स्वतः सांगा. आणि भीती वाटत असेल तर तेही सांगा, मी थांबते.” बऱ्याच बायका सांगायला लागल्या. मग ती खरोखर थांबायची, हात धरून. एकेका हातासाठी चहा गार व्हायचा. ज्यांना बीची कावीळ नव्हती त्यांना तिनं लस घ्यायला लावली, तीन सुया, दर सुईला मागं लागून. माढ्याची म्हणायची, “नवऱ्यानं एवडं मागं लागून कदी जेवाय बोलवलं न्हाय.”

पोरीच्या लसी सगळ्या झाल्या. आता एकच बाकी होतं. पोरगी वर्षाची व्हायच्या सुमारास तिचं रक्त बघायचं. सुया लागू पडल्या की नाहीत हे तेव्हा कळतं, त्याआधी नाही. सुईबाईनं ती तारीख माझ्या दुकानातल्या कॅलेंडरावर पेनानं गोल करून ठेवली होती. तिच्याशिवाय त्या पानाला कुणी हात लावायचा नाही.

त्या तारखेला दीड महिना राहिला असताना तिचं कंत्राट संपलं. ती शेवटचं आली तेव्हा आम्हाला ते ठाऊक नव्हतं. बहुतेक तिलाही नव्हतं. पुढच्या खेपेला दुसरी बाई आली. चांगली आहे, हात हलका आहे, चादरीला नाव ठेवत नाही. गोल केलेल्या तारखेला मी आणि जेऊरची पोरीला घेऊन दवाखान्यात गेलो आणि नव्या बाईनं पोरीचं रक्त घेतलं. दोन दिवसांनी कागद मिळाला. कावीळ नाही. अंगात लसीची ताकद आलेली. जेऊरचीनं कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला आणि मग म्हणाली, “सुईबाईला सांगाय पायजे.”

मी फोन लावला. तो दुसऱ्याच माणसानं उचलला. फोन ऑफिसचा होता, तो आता त्याच्याकडं होता. ऑफिसात गेले. कुणी म्हणालं ती कर्नाटकात भावाकडं गेली, कुणी म्हणालं दुसऱ्या जिल्ह्यात लागली. घर कुठं होतं तेही कुणाला सांगता येईना. मला तिचं नाव विचारलं. मी ते सांगितलं, पण इथं लिहीत नाही. आमची नावं तिनं कधी कागदावर आणली नाहीत, तिचं मी कशाला आणू.

कागद माझ्याकडं आहे, चहाच्या डब्याखाली. पोरगी आता दुकानात येऊन बरणीतलं बिस्किट मागते. सुई बघितली की हात मागं घेते, आईसारखाच.

तुमच्यापैकी कुणाला ती भेटेलही. दिसायला कशी म्हणाल तर मला नीट सांगता येत नाही. इतकी वर्षं समोर बसली, पण मान कायम खाली. मी तिचा भांगच जास्त बघितलाय. कुठल्या तरी दवाखान्यात कुणी तुमचा हात उजेडाकडं वळवून डोळे मिटले, तर ती असेल. तिला नाव सांगू नका, नावावरून तिला काही कळायचं नाही. जेऊर म्हणा. सांगा, तो लहान हात स्वच्छ निघाला.